सोळावा खांब

थेल्मा साइक्स ढ आहे असं आख्ख्या ब्रॅकनशॉमध्ये दोनच माणसं म्हणायची. एक थेल्मा स्वतः, आणि दुसरा तिचा जुळा भाऊ डेरिक. थेल्मा ते मनापासून मानायची. डेरिक काय मानायचा ते मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवेना.

मी ग्लेनिस टॉर्डॉफ. मिल रोडच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी सव्वीस वर्षं बरोबर काढली. दोनशे चाळीस पोरांचं जेवण, रोज, बाराच्या ठोक्याला. सकाळी मी म्हणायचे, "आज डोई चार औंस बटाटा," आणि मी पेन्सिल शोधेपर्यंत ही बया सोलता सोलता सांगायची, "साठ पौंड. सालं जातील, सत्तर काढ." दूध किती, कस्टर्डची पूड किती, गोवराची साथ आली की किती कमी, सगळं तोंडी. सव्वीस वर्षांत एकदाही चुकली नाही. मी म्हणायचे, "अगं, तुझ्या डोक्यात काय यंत्र बसवलंय का?" तर ही म्हणायची, "हे काय गणित आहे का? हे बटाटे आहेत."

मुख्य स्वयंपाकिणीची जागा तिला तीनदा सांगून आली. तिन्ही वेळा तिने पाय मागे घेतला, कारण त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन तासाभराचा लेखी पेपर द्यावा लागायचा. स्वच्छतेचे नियम, भांडी किती गरम पाण्यात धुवायची, असलं काहीतरी. तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. "पेपर म्हटला की माझे हातपाय गार पडतात, ग्लेनिस. तू दे. मला कुठे जमायचंय." शेवटी मी दिला, मी मुख्य झाले, आणि तिच्या डोक्यावर माझी नोकरी चालली. मी तेव्हा फार आग्रह केला नाही, हेही सांगून टाकते. जागा मला हवी होती.

तर ही ढ कशी झाली, ते सांगते. आमच्या लहानपणी अकराव्या वर्षी एक परीक्षा असायची. सरकारी नाव इलेव्हन-प्लस, पण आमच्या गल्लीत सगळे तिला स्कॉलरशिपच म्हणत. एका दिवसात सगळं ठरायचं. पास झालात तर टेकडीवरची ग्रामर स्कूल, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. लॅटिन, टोपी, पुढे ऑफिसातली खुर्ची. नापास झालात तर खालची मॉडर्न शाळा. तिथे मुलग्यांना सुतारकाम, मुलींना रांधणं-धुणं, आणि पंधरा पूर्ण झाली की गिरणीचा दरवाजा. मीही नापास झाले होते. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. मी पेपराच्या कोपऱ्यात डुक्कर काढत बसले होते.

निकाल टपालाने यायचा. जाड पाकीट म्हणजे पास, कारण आत गणवेशाची यादी असायची. पातळ पाकीट म्हणजे नापास, आत एकच कागद. १९५५ च्या मे महिन्यात लॉफ्टहाऊसांच्या, म्हणजे थेल्माच्या माहेरच्या दारात एकाच सकाळी दोन पाकिटं पडली. डेरिकचं जाड, थेल्माचं पातळ. बापाने डेरिकला सायकल घेऊन दिली. थेल्माच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "असू दे गं पोरी. घरात एक हुशार पुरे."

ती सायकल दर रविवारी थेल्मा पुसायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आमचं घर समोरच होतं.

आणि का नापास झाले, हेही तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. गणिताच्या पेपरात एक प्रश्न होता. साठ यार्ड लांबीचं सरळ कुंपण घालायचंय, दर चार यार्डांवर एक खांब, दोन्ही टोकांनाही खांब हवा, तर खांब किती लागतील? थेल्माने सोळा लिहिले. घरी येताना डेरिक म्हणाला, पंधरा. बाकीची पोरंही म्हणाली, पंधरा. साठ भागिले चार, पंधरा, त्यात विचार काय करायचा? थेल्मा म्हणाली, "पण सुरुवातीला एक रोवायला लागतो ना?" सगळे हसले. डेरिक सगळ्यांत मोठ्याने हसला. मग पातळ पाकीट आलं, आणि तिच्या मनाने घेतलं की त्या सोळाव्या खांबानेच आपल्याला बुडवलं. चोपन्न वर्षं तो खांब तिच्या डोक्यात उभा होता. पंधरा कपडे वाळत घालताना, शेजारच्या दोन कपड्यांत एक चिमटा, असे चिमटे मोजायची आणि म्हणायची, "बघ, सोळाच येतात. पण परीक्षेचं गणित वेगळं असणार. त्यातलं मला कळत नाही."

पुढे सगळं त्याच चालीने. पंधराव्या वर्षी गिरणी. वॉल्टर साइक्सशी लग्न, तो मागांची दुरुस्ती करायचा, भला माणूस, बोलायचा कमी. तो गेल्यावर पेन्शनचा फॉर्म, कौन्सिलचा फॉर्म, अगदी वाचनालयाच्या कार्डाचा फॉर्म, सगळं डेरिक भरायचा. डेरिक कौन्सिलात, म्हणजे नगरपालिकेत, सर्व्हेअर होता. गाडी घेऊन यायचा, खिशातलं शाईचं पेन काढायचा, तिचा आल्याचा केक हादडायचा आणि म्हणायचा, "सही इथे कर, थेल. नाही, इथे. बरं झालं मी आहे." ती म्हणायची, "हो बाबा, तू नसतास तर माझं काय झालं असतं."

मला त्या केकचा राग यायचा. पण भावाबहिणीत आपण कशाला पडायचं, म्हणून गप्प बसायचे.

एका वेळी मात्र गप्प बसायला नको होतं. थेल्माची लेक जॅनिस. तिच्या वेळेपर्यंत आमच्या भागातली ती परीक्षा बंद झालेली होती, सगळी पोरं एकाच शाळेत जायची. जॅनिस सोळा वर्षांची झाली तेव्हा तिच्या गणिताच्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, पोरीला अजून दोन वर्षं शाळेत ठेवा, विद्यापीठात जाईल. थेल्माने त्यांना चहा दिला, केक दिला, आणि नाही म्हणून सांगितलं. जॅनिस रडली. थेल्मा तिला म्हणाली, "बाळ, तू माझ्यावर गेलीस. आपल्यात ते नाही. आत्ता चार मार्क पडतात म्हणून चढशील, आणि मग वरून पडशील. मला ठाऊक आहे ते पडणं कसं असतं." मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकत होते. थेल्माने ते मायेपोटीच सांगितलं. जॅनिस त्या उन्हाळ्यात एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसली, ती अजून तिथेच आहे.

आता २००९ चं सांगते. आमच्या मिल रोडच्या शाळेला शंभर वर्षं झाली; आम्ही लहानपणी शिकलोही तिथेच. आम्ही दोघी निवृत्त झालो होतो, पण चहापाण्याला कोण पाहिजे म्हटलं की आमचीच नावं निघायची. मुख्याध्यापिका विटाकर बाई, चाळिशीच्या आतल्या, उत्साही, सारख्या पळत असायच्या. त्यांना जुन्या कपाटात १९५५ चे स्कॉलरशिपचे पेपर सापडले आणि त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. शताब्दीच्या शनिवारी दुपारी गावातल्या मोठ्या माणसांना तो पेपर द्यायला बसवायचं. गणित आणि इंग्रजी मिळून शंभर मार्क, एक तास. पोरांच्या लहान खुर्च्या, पोरांच्या पेन्सिली, मोबाइल टोपलीत. बघू या, आजची माणसं तरतात का बुडतात. सत्तरला पास.

थेल्माला मी हे सांगितलं तेव्हा ती सँडविचचा पाव कापत होती. हातातली सुरी थांबली.

"तोच पेपर? पंचावन्नचा?"

"तोच. बाई म्हणतात, उत्तरांचा कागदही सापडलाय."

सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "मी बसणार."

मी हसले. "चहा कोण करणार मग?"

"तू कर. मी बसणार, ग्लेनिस. मला फक्त बघायचंय. मी ढ होते का नव्हते, एकदा बघू दे. पासष्ट वर्षांची झाले. आता कुणी गिरणीत तर घालणार नाही ना?"

तिने सुरी उचलली आणि उरलेला पाव कापायला घेतला.

शनिवारी सभागृहात साठेक माणसं बसली. वकील होते, दाताचे डॉक्टर होते, घरं विकणारा होता, दोन नगरसेवक होते, आणि आमच्याच शाळेतल्या चार तरुण शिक्षिका. डेरिक होता, कोट घालून. त्याला तर बाईंनी खास बोलावलं होतं, ग्रामर स्कूलला गेलेला माजी विद्यार्थी म्हणून. थेल्माला बसलेली बघून तो म्हणाला, "अगं थेल, तू कशाला त्रास करून घेतेस? या वयात?"

"वय तुझंही तेवढंच आहे," थेल्मा म्हणाली. "वीस मिनिटांनी जास्त."

पहिली पाच मिनिटं हशा चालला होता. मग हळूहळू सगळे गप्प झाले. हात केसांत जायला लागले. शिलिंग आणि पेन्सची बेरीज बघून एका तरुण शिक्षिकेने सरळ पेन्सिल खाली ठेवली. दाताचे डॉक्टर भागाकार बोटांवर करत होते. वकील इंग्रजीच्या पानावर अडकले होते. वाक्याचे भाग पाडा म्हटलंय, तर ते कुठे पाडतात हेच त्यांना आठवेना. घरं विकणाऱ्याने टोपलीतल्या मोबाइलकडे दोनदा आशेने बघितलं. मी चहाच्या टेबलामागून बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती.

थेल्मा मान खाली घालून लिहीत होती. एकदाही वर बघितलं नाही.

पेपर क्रॉसली बाईंनी तपासले. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, पंचावन्न साली याच शाळेत शिकवायच्या, आणि लाल पेन्सिल अजून तशीच धरतात. मग विटाकर बाई स्टेजवर चढून एकेकाचे मार्क वाचायला लागल्या. वकील सत्तेचाळीस. दाताचे डॉक्टर बावन्न. घरं विकणारा एकोणतीस. नगरसेवकांचे वाचू नका म्हणून त्यांनीच हात जोडले. विटाकर बाईंनी स्वतःचेही सांगितले, अठ्ठावन्न. टाळ्या, हशा. "नापास, नापास, चला मॉडर्न शाळेत," म्हणून एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. वकील तर आपला पेपर वर धरून फोटो काढून घेत होते.

तिथे मला मजा वाटायची बंद झाली. त्यांना नापास होणं म्हणजे गंमत होती. घरी जाऊन बायकोला सांगायचे, अगं, आज मी नापास झालो, आणि सोमवारी पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसायचे. आमच्या गल्लीतली पोरं नापास झाली तेव्हा कुणी फोटो काढला नव्हता. माझी मावसबहीण तर त्या दिवशी कोळशाच्या खोलीत जाऊन बसली होती, संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

"मिस्टर डेरिक लॉफ्टहाऊस," विटाकर बाई म्हणाल्या, "चौसष्ट. अरेरे, थोडक्यात हुकलं सर."

डेरिक हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आणि आजच्या पहिल्या, आपल्या सगळ्यांना ज्यांनी जेवू घातलं त्या थेल्मा साइक्स. एक्क्याण्णव."

सभागृह उभं राहिलं. थेल्मा बसूनच होती. तिने हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा, आणि म्हणाली, "बाई, तो कुंपणाचा. खांब किती?"

विटाकर बाईंनी कागद बघितला. "सोळा."

"जुन्या कागदावर? तेव्हाच्या?"

"हो, जुन्याच. सोळा. तुमचं बरोबर आहे. साठ जणांत फक्त तुमचंच बरोबर आहे."

थेल्मा माझ्याकडे बघून हसली. तसं हसताना मी तिला जन्मात बघितलं नव्हतं. आपण तिथेच थांबलो असतो तर किती बरं झालं असतं.

पण विटाकर बाईंना उत्साह. टेबलावर जुन्या वस्तू मांडल्या होत्या, त्यात तेव्हाचे हेडमास्तर बूथरॉइड सर, त्यांची काळ्या पुठ्ठ्याची मार्कांची वही होती. बाई म्हणाल्या, "थेल्मा, तुमची हरकत नसेल तर तेव्हाचे मार्क बघू या का? किती सुधारणा झाली ते सांगता येईल."

"वाचा," थेल्मा म्हणाली. ती आता उभी राहिली होती. "मला ऐकायचंय."

बाईंनी मुलींचं पान काढलं. "लॉफ्टहाऊस, थेल्मा. गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता, तीनशेपैकी दोनशे अडतीस." त्यांनी वर बघितलं. "हे तर फार छान आहेत." मग उलटीकडचं मुलग्यांचं पान काढलं, कारण भाऊही तिथेच बसलेला होता, आणि त्यांना वाटलं गंमत होईल. "लॉफ्टहाऊस, डेरिक. दोनशे एकवीस." त्या थांबल्या. पुन्हा मागचं पान बघितलं, पुन्हा पुढचं. "म्हणजे तुम्ही दोघंही पास झालात ना?"

"नाही," थेल्मा म्हणाली. "तो पास झाला."

मी पुढे जाऊन त्या वहीत डोकावले. दोन्ही पानांवर बूथरॉइड सरांनी लाल शाईची रेघ ओढली होती, रेघेच्या वर पास, खाली नापास. मुलग्यांच्या पानावर रेघ दोनशे पंधराखाली होती. मुलींच्या पानावर दोनशे चाळीसखाली. थेल्मा रेघेच्या खाली पहिली होती. दोन मार्कांनी.

क्रॉसली बाई चष्मा पुसत होत्या. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मुलींची शाळा लहान होती ना. पन्नास जागा. मुलग्यांच्या नव्वद. आणि मुली त्या वयात जास्त मार्क मिळवतात, दर वर्षीचंच होतं ते. मग मुलींची रेघ वर ओढायची. जिल्ह्याहूनच यादी तशी यायची. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, कुणी विचारलंच नाही."

कोण विचारणार होतं, बाई? गिरणीत बारा तास उभी असलेली माझी आई विचारणार होती? आम्हाला वाटायचं परीक्षा म्हणजे परीक्षा, मोजपट्टी सगळ्यांना एकच. हे मी तेव्हा बोलले नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला काय बोलायचं. आज लिहिते आहे.

थेल्मा वहीकडे बघतच नव्हती. ती डेरिककडे बघत होती. मीही बघितलं. सगळ्या सभागृहाला धक्का बसला होता, वकील तोंड उघडं टाकून उभे होते, आणि डेरिक कोटाचं बटण लावत होता. नवीन काही ऐकलं असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतंच.

ती वळून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले, आणि जरा वेळाने तोही आला. सवयीने मी त्याच्यापुढे चहा ठेवला. तो साखर ढवळत बसला.

"तुला माहीत होतं," थेल्मा म्हणाली.

"थेल, आता इतक्या वर्षांनी..."

"माहीत होतं का नव्हतं?"

त्याने चमचा बशीत ठेवला. "बूथरॉइड सर घरी आले होते. पाकिटं आल्यावरच्या रविवारी. मी जिन्यावर होतो. ते बाबांना म्हणाले, पोरीचे मार्क पोरापेक्षा जास्त आहेत, जिल्ह्याला पत्र लिहा, दोन मार्कांचा प्रश्न आहे, मी सही करतो. बाबा म्हणाले, नको. तिला लग्नच करायचंय. आणि म्हणाले, तिला सांगू नका. पोराला कमीपणा वाटेल."

"आणि आईला?"

"आई तिथेच होती."

थेल्माने ओट्यावर हात टेकला. "आणि तू?"

"मी काय करणार? मी अकरा वर्षांचा होतो, थेल."

"अकरा वर्षांचा होतास," ती म्हणाली. "मग बारा वर्षांचा झालास ना?"

तो असली माणसं बोलतात तेच बोलला. "आणि काय मोठा फरक पडला असता? तुझं सगळं चांगलंच झालं की. वॉल्टर चांगला होता. मी तुझे सगळे फॉर्म भरून दिले. कधी काही कमी पडू दिलं का?"

मी त्याचा कप उचलला आणि सिंकमध्ये ओतला. अर्धा प्यायचा राहिला होता. म्हटलं, "जा डेरिक. गाडी कुणाच्यातरी वाटेत येत असेल." तो गेला. पाठमोरा बघताना तो एकदम म्हातारा दिसला, पण मला जराही दया आली नाही, अजूनही येत नाही.

मला वाटलं होतं थेल्मा रडेल, किंवा निदान खूश तरी होईल. शेवटी तिला हवं होतं ते मिळालं होतं. ढ नव्हती, वहीत लिहिलेलं होतं, लाल शाईत. मी तसं म्हटलंही. "बघ, मी म्हणत नव्हते? डोक्यात यंत्र आहे तुझ्या."

ती कपबश्या धुवायला लागली होती. धुता धुता म्हणाली, "मी ढ असते तर बरं होतं गं."

"हे काय बोलणं झालं?"

"मी ढ असते तर मी जॅनिसला खरं सांगितलं होतं."

ती एकेक बशी पुसून रचत होती.

"त्या बाई आल्या होत्या ना, तिच्या गणिताच्या. मी त्यांना काय सांगितलं? आपल्यात ते नाही म्हणाले. कशावरून म्हणाले मी? एका पातळ पाकिटावरून. बाबांनी माझी वाट बंद केली ते समजलं. पण माझ्या पोरीची कुणी बंद केली? मीच ना?"

"तुला काय माहीत होतं, थेल्मा."

"चिमटे मोजायचे मी, ग्लेनिस. दर सोमवारी सोळा यायचे. मला माहीत होतं."

त्या मंगळवारी ती म्हणाली, जॅनिसकडे जायचं, तिला सांगायचं. मी गाडी काढली. थेल्माने विटाकर बाईंकडून त्या दोन पानांची झेरॉक्स मागून घेतली होती आणि ती पर्समध्ये घडी करून ठेवली होती. वाटेत ती काय बोलायचं ते मनात जुळवत होती, ओठ हलत होते.

जॅनिस दारातच भेटली. त्रेचाळीस वर्षांची, दुकानाचा निळा डगला, छातीवर नावाची पट्टी, पायांत ते जाड तळव्याचे बूट, कारण गल्ल्यावर बसून आणि उभं राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्यात. तिची दुपारची पाळी होती. म्हणाली, "आई, दहा मिनिटं आहेत माझ्याकडे. काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं." थेल्माने कागद काढला. दारातच उभं राहून तिने सगळं सांगितलं. दोनशे अडतीस, दोनशे एकवीस, दोन रेघा, आजोबा, मामा जिन्यावर. जॅनिसने कागद वाचला. आईसारखीच आहे ती, आकडे एका नजरेत घेते. मामाला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. मग आईला जवळ घेतलं, आणि म्हणाली, "बिचारी गं माझी आई."

"माझं राहू दे," थेल्मा म्हणाली. "मी तुझ्यासाठी आले. तू सोळा वर्षांची होतीस तेव्हा मी म्हणाले होते, तू माझ्यावर गेलीस म्हणून. ते खरंच होतं, जॅनिस. तू माझ्यावरच गेली होतीस. फक्त मला माहीत नव्हतं मी कोण ते. ती परीक्षा नसती ना..."

जॅनिसने कागदाची घडी घातली, आईच्या हातात दिली. राग नव्हता तिच्या आवाजात. थकलेला होता फक्त.

"माझ्या वेळी ती परीक्षा नव्हतीच, आई," ती म्हणाली.

मग तिने घड्याळ बघितलं, दार ओढून घेतलं, आणि बस पकडायला गेली.